राखेच्या मापाचे बूट

हैबतराव पाटलांच्या डाव्या पावलाचा ठसा उजव्यापेक्षा जवाच्या दाण्याएवढा लांब होता. चाळलेल्या राखेत तो फार स्वच्छ उमटला होता. टाचेचा गोल, तिथून निघालेली बाहेरची कड, आतल्या बाजूला रिकामी जागा आणि पुढे बोटांचे खळगे. करंगळीचा खळगा इतका उथळ होता की जोराची फुंकर त्याला पुरली असती. मी वाकून बघत होते, पण श्वास आवरून.

“उमटलं का?” पाटलांनी विचारलं.

“झ्याक उमटलं,” माझा बा म्हणाला. तो अंगणाच्या पार कडेला उभा होता. पाटील पायरी चढून ओसरीवर गेले तेव्हाच तो पुढे झाला, ठशाशेजारी उकिडवा बसला आणि ठशाच्या लांबीइतकी चामड्याची वादी कापून त्यानं माझ्या हातात दिली. मग रुंदीची. मग दुसऱ्या पावलाच्या दोन. “डाव्याच्या गाठ मारलेल्या, उजव्याच्या बिनगाठीच्या. इसरू नगंस, गऊ.”

आम्ही चांभार. आमच्या हातची वहाण पाटलांच्या पायाला चालत होती, पण आमचा हात चालत नव्हता. म्हणून माप राखेत. वहाणेचं त्यामुळे कधी अडलं नव्हतं. वहाणेला पावलाचा तळ लागतो आणि तळ राखेत उमटतो. या वेळी मात्र पाटलांना वहाण नको होती. त्यांना इंग्रजी बूट हवे होते, घोट्याच्या वर जाणारे, नाड्यांचे.

“मागल्या साली काय झालं ठावं हाय ना, सटव्या?” पाटील ओसरीवरून बोलत होते. बाचं नाव सटवाजी, पण ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं. “साहेबाचा तळ पडला आमराईत. मी पाटील. मी तंबूच्या भाईर जोडे काढून अनवानी आत गेलो. आन् त्यो तालुक्याचा वकील, कालचं पोरगं, बूट घालून सरळ आत! कुनी हटकलं न्हाई त्याला. पंत, सांगा ह्याला.”

पंत म्हणजे नरहरपंत कुलकर्णी. गावातला कुठलाही सरकारी नियम त्यांच्या तोंडून आल्याशिवाय लागू होत नसे. “सरकारात तसा रिवाज आहे खरा,” ते म्हणाले. “देशी जोडा असेल तर बाहेर काढायचा. विलायती धाटणीचे बूट असतील तर पायात चालतात.”

“चालत्यात कसलं, मिरवत्यात! आन् आमचा तात्याबा सगळ्या पावण्यांना सांगत फिरतो, दादा तंबूत चवड्यावर चालत व्हते म्हनून.”

तात्याबा हे पाटलांचे चुलतभाऊ, दुसऱ्या घरचे पाटील. त्यांच्या घराला गावात कशाचाच पहिला मान नव्हता आणि तो मिळावा म्हणून ते दोन पिढ्या वाट बघत होते.

“पाटील,” बा म्हणाला, “एक बोलायचं व्हतं.”

“बोल की.”

बानं मान खाली घातली. राखेतल्या ठशाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या वाद्यांकडे पाहिलं. मला ठाऊक होतं तो काय बोलणार आहे. घरातून निघताना आयनं त्याच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं होतं.

“म्हंजी असं,” बा म्हणाला, “बूट वाजायला कसं पायजेत?”

पाटील खूश झाले. “लई वाजायला पायजेत. मी चावडीवरनं उठलो तर घरात कळलं पायजे.”

*

आय दारातच उभी होती. “सांगितलं का?”

बानं कोपऱ्यातली पाण्याची घागर कलती करून हात धुतले. राख लागली नव्हती तिथंसुद्धा धुतले. “बुटाचं काम मिळालं,” तो म्हणाला.

“बलुत्यात?”

बा पुन्हा हात धुवायला लागला.

“म्हंजी बलुतं सोडतो म्हनून सांगाया गेलात, आन् बलुत्यातलंच नवं काम घेऊन आलात.”

आमच्या घरात तीन वर्षं हाच एक विषय होता. बा तरुणपणी नगरच्या कॅम्पात एका बूटवाल्याच्या हाताखाली शिकला होता. गोऱ्या पलटणीचे बूट त्यानं शिवले होते. आजा वारला तेव्हा त्याला गावी यावं लागलं, कारण गावचं बलुतं आमच्या घराकडे होतं. बलुतं म्हणजे वर्षभर गावाचं चामड्याचं सगळं काम करायचं, मोटा शिवायच्या, वहाणा, चाबूक, बैलांचे पट्टे बघायचे, आणि सुगीत प्रत्येकाच्या खळ्यावर जाऊन जोंधळ्याच्या पेंढ्या घ्यायच्या. पेंढी एकदा डोक्यावर घेतली की पुढच्या सुगीपर्यंत माणूस बांधला गेला. कॅम्पातला एक बोहरी दुकानदार बाला सारखे निरोप धाडत होता, की तू नियमानं बूट शिवून पाठव, जेवढे पाठवशील तेवढे घेतो. पण नियमानं काही करायचं तर गावाच्या मोटा कोण शिवणार? म्हणून बलुतं सोडायचं ठरलं होतं. म्हणजे घरात ठरलं होतं. ते पाटलांच्या तोंडावर सांगायचं तेवढं राहिलं होतं.

बा पहिल्यांदा सांगायला गेला तेव्हा एक फाटकी मोट घेऊन परत आला. दुसऱ्यांदा घोड्याचा लगाम घेऊन. एकदा तर नुसताच गेला आणि पाटलीणबाईंच्या पाळण्याचे तुटलेले पट्टे घेऊन आला.

दरम्यान त्याचे स्वतःचे कारखाने चालू असत. एका वर्षी त्यानं बैलाच्या शिंगाची बटणं केली. फार सुंदर केली, घासून घासून पिवळ्या दुधासारखी. गावात बटणाचं भोक असलेला एकही अंगरखा नव्हता. सगळे बंद बांधत. आयनं हे त्याच्या ध्यानात आणून दिलं तर तो म्हणाला, “आदी बटनं तर येऊ द्या. भोकं आपसूक पडतील.” पडली नाहीत. माझ्या धाकट्या बहिणींनी ती बटणं सागरगोट्यांसारखी खेळून संपवली.

मग बुटांचं काळं रोगण. दिव्याची काजळी, तिळाचं तेल आणि चकाकीसाठी गूळ. कॅम्पात साखर घालत असत, पण बाच्या मते गुळाला अंग जास्त. रोगण खरोखर चकाकत असे. एकदा डबी उघडी राहिली आणि मुंग्यांनी सकाळपर्यंत तिचा तळ लख्ख केला. “म्हंजी माल चोख हाय,” बा म्हणाला.

पाटलांच्या बुटांच्या वर्षी आमच्या मिशनच्या शाळेत गोवराची साथ आली आणि मला घरी पाठवलं, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं. पुढे आयुष्यभर मी नर्सांना शरीरशास्त्र शिकवलं. पायाचा धडा आला की पहिल्या दिवशी मी फळ्यावर काहीच काढत नसे, मुलींना एकमेकींचे पाय हातात धरायला लावत असे. पण तेव्हा मला एवढंच कळत होतं की ज्यावर चामडं ताणून बूट शिवायचा तो लाकडी फर्मा बाच्या हातात आकार घेत होता, त्याचा खालचा भाग पाटलांचा होता आणि वरचा कुणाचाच नव्हता.

“बा,” मी म्हणाले, “ठशात पायाची वरची बाजू कुठाय?”

“वरची बाजू पायालाच आसती. ठशात कशी यील?”

“मग फर्म्याची उंची तू कशावरनं धरलीस?”

बाच्या हातातली तासायची रापी थांबली. “मनानं.”

“कुनाच्या?”

“कॅम्पात एक कप्तान व्हता. पाटलाएवढाच. चांगला धिप्पाड गडी.”

“त्याचा पाय पाटलांसारखा व्हता?”

“पाय पायासारखा आसतो, गऊ.”

मी एक लांब वादी घेतली. ती बाच्या पायाभोवती, बोटं आणि घोटा यांच्या मधल्या उंचवट्यावरून गुंडाळली आणि गाठ मारली. मग शेजारच्या चुलत्याकडे गेले. त्याची वहाण आणि बाची वहाण एकाच मापाची होती, ते एकमेकांच्या घालून जात असत. तीच वादी चुलत्याच्या पायाला पुरेना. दोन बोटं कमी पडली. मी ते बाला आणून दाखवलं. “आन् दुपारी ह्याच्याहून जास्ती भरतं,” मी म्हणाले. “उन्हात उभं ऱ्हायलं की पाय फुगतो. आमच्या बाईंनी सांगितलंय.”

बानं वादी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. त्याला पटलं होतं, म्हणूनच तो चिडला. “मग काय करू? पाटलाला जाऊन म्हनू, पाय हिकडं करा, वादी गुंडाळतो?”

चुलीपाशी आय हसली. “म्हना की. तेवढं जमलं तर बाकीचंबी जमंल.”

बानं फर्म्यावर पुन्हा रापी चालवली. उंची मात्र कप्तानाचीच राहिली.

*

बूट मात्र देखणे झाले. तळाच्या दोन थरांमध्ये बानं कोरड्या चामड्याची पट्टी घातली होती, म्हणजे पाऊल टाकलं की कर्र असा आवाज येई आणि उचललं की पुन्हा, जरा बारीक. वरून रोगणाचे हात दिले होते. होळीच्या दोन दिवस आधी, सकाळच्या गारठ्यात, बानं ते पाटलांच्या अंगणात नेऊन ठेवले. घरातून कुणीतरी त्यांवर पाणी शिंपडलं, मग गड्यांनी आत एरंडेल चोळलं आणि पाटलांचे पाय त्यात बसवले. बसले. थोडे कुरकुरत, पण बसले.

पाटील उठले. कर्र. एक पाऊल टाकलं. कर्र, किर्र. ते अंगणाच्या एका टोकाला गेले, परत आले, पुन्हा गेले. त्यांच्या मिशा वर गेल्या होत्या. मग ते तसेच रस्त्यानं तात्याबांच्या घरावरून गेले आणि काही काम नसताना परत त्यांच्याच घरावरून आले. परतल्यावर गड्यांनी ओढून बूट काढले. सकाळ होती, निघाले.

बा माझ्याकडे बघून म्हणाला, “बघ. पाय पायासारखा आसतो.”

“आता सांगा की मग,” घरी आल्यावर आय म्हणाली. “खूश हाय त्यो.”

“होळी होऊ दे. साहेबाचा तळ उठू दे. खळं तर म्होरल्या आठवड्यात.”

“खळ्याच्या आदी न्हाई सांगितलं तर पेंढी घ्यावीच लागंल.”

“ठावं हाय मला.”

साहेबाचा तळ त्या वर्षी नेमका होळीला पडला. साहेबाला होळीचं काय. पाटील सकाळी उठून, अंघोळ करून, फेटा बांधून, नाड्या आवळून आमराईत गेले. तंबूत काय झालं ते पंतांनी नंतर इतक्यांदा सांगितलं की मी स्वतः तिथे होते असं मला वाटतं. पाटील कर्र किर्र करत आत शिरले. पट्टेवाला त्यांच्या पायांकडे बघून बाजूला झाला. साहेबानं मान वर केली, बूट पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला.

घात तिथे झाला. हा साहेब पायी फिरणारा होता. दर गावी हद्दीचे दगड बघायला तो स्वतः चालत जाई आणि दर गावचे पाटील वहाणेत काटे भरले म्हणून अर्ध्या वाटेवर बसत. बूट घातलेला पाटील त्याला पहिल्यांदाच भेटत होता. “या बुटांत पाटील दिवसभर चालेल,” तो म्हणाला आणि टोपी घालून निघालाच. ओढ्यापर्यंत, ओढ्यापलीकडच्या माळावर, माळावरून शीवेच्या दगडापर्यंत, एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत. फाल्गुनातलं ऊन. पाटलांना मागे राहता येईना, कारण थांबले की आवाज थांबत होता आणि साहेब वळून बघत होता. तात्याबा वहाण घातलेले, म्हणून आमराईच्या सावलीत बसून राहिले.

“उद्या सकाळी वरची शीव,” तळावर परतल्यावर साहेब म्हणाला. “बूट घालून यावे.”

*

आमच्या गावची होळी मारुतीच्या देवळासमोर लागते. पूजा पाटील करतात, अनवाणी, आणि पेटता टेंभाही त्यांनीच लावायचा. चंद्र दिसला की लगेच. त्यांना जमलं नाही तर हा मान दुसऱ्या घराकडे जातो. आमची वस्ती गावाच्या मागे उभी राहायची, कडुलिंबाच्या पलीकडे. मी आणि आय तिथे उभ्या होतो. बा आमच्यापुढे होता, उद्यासाठी रोगणाची डबी घेऊन. रापी आणि आरी तर त्याच्या कमरेला नेहमीच असत.

पाटील लंगडत आले आणि पारावर बसले. एका गड्यानं उजव्या बुटाची नाडी सोडायला घेतली. ती घामानं भिजून आवळली होती. सोडता सोडता त्याच्या नखाचा तुकडा पडला, गाठ काही सुटली नाही. मग दोन गडी बूट धरून ओढायला लागले. बूट आला नाही, पाटील आले. ते पारावरून घसरून खाली बसले.

“आरं हळू! पाय हाय त्यो, मुळा न्हाई!”

“टाच आदी,” बा लांबून म्हणाला. “टाच सोडवा आदी.”

गड्यांनी टाच ओढली. पाटील आणखी हातभर पुढे आले.

“टाच खाली दाबा आन् मंग—”

“खाली का वर?”

“खाली, मंग वर!”

एकानं खाली दाबली, दुसऱ्यानं वर ओढली. पाटलांच्या तोंडून जो शब्द निघाला तो होळीलाच चालतो.

“कापून काढू का?” एका गड्यानं विचारलं.

“उद्या साहेब हाय!” पाटील ओरडले. “वरची शीव!”

नंतर काय झालं ते मला लांबून दिसत नव्हतं, पण कळलं. पाटलांनी एकदम पोटरीवर हात मारला. मग दुसऱ्या पोटरीवर. पाराखाली मुंग्यांचं वारूळ होतं आणि बुटांवर ऊन लागून पातळ झालेलं रोगण.

“गूळ,” आय पुटपुटली.

एक मुंगी बहुधा बुटाच्या आत गेली असावी. पाटलांनी तोंड उघडलं आणि मोठ्यांदा बोंब ठोकली. होळीचा दिवस, पहिली बोंब पाटलांची. सगळ्या गावाला वाटलं सुरुवात झाली. लहानथोर सगळ्यांनी पालथा हात तोंडावर नेला आणि देवळासमोरचा चौक दणाणून गेला. पाटील हात हलवून थांबा म्हणत होते. लोकांना वाटलं जोरात म्हणताहेत. त्यांनी जोरात केली.

बोंब थांबली तेव्हा आमराईच्या मागे चंद्राची कड वर आली होती.

“पाटील,” पंत म्हणाले, “चंद्र दिसला.”

“दादा, आसू द्या,” तात्याबा पुढे आले. त्यांच्या हातात टेंभा होता. तो त्यांनी कुठून आणला कोण जाणे. पायांत काही नव्हतं. “तुमी बसा निवांत. दिसभर चाललाय. पूजेचं मी बगतो.”

पाटलांनी टेंभ्याकडे पाहिलं, स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

“सटव्या,” ते म्हणाले, “हिकडं ये.”

बा दोन पावलं पुढे झाला आणि थांबला.

“आनखी जवळ.”

बा आणखी दोन पावलं गेला. लोक आपसूक बाजूला होत होते.

“आरं किती सांगू? ये आन् काढ.”

“पाटील!” पंत म्हणाले. “पूजेच्या तोंडावर शिवाशीव बरी नव्हे. पुन्हा अंघोळ करावी लागेल, वेळ कुठे आहे?”

“मग तुमी काढता का, पंत?”

पंत दोन पावलं मागे सरकले.

“दोन घागरी डोस्क्यावर वतून घेतो. ये रं.”

बा त्यांच्यासमोर मातीत बसला. धोतराला हात पुसले, पुन्हा पुसले. मग त्यानं दोन्ही हातांनी हैबतराव पाटलांचा पाय उचलला आणि मांडीवर घेतला. चौकात कुणी खोकत नव्हतं. बानं बुटावरून बोटं फिरवली, मुंग्या झटकल्या, घोट्यापाशी दाबून पाहिलं आणि तोंड वळवून गर्दीत मला शोधलं.

“गऊ! फुगलाय गं!”

“वर धर!” मी ओरडले. मी त्या चौकात त्याआधी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. “पाय वर धर बा, अंगापेक्षा वर! उतरंल!”

बानं विचार केला नाही. पाटलांना तसंच मागे मातीत आडवं केलं आणि त्यांचा पाय स्वतःच्या खांद्यावर घेतला. मग दुसऱ्या खांद्यावर दुसरा. तसे ते दोघं थांबले. पाटील आभाळाकडे तोंड करून, फेटा मातीला लागलेला, आणि बा त्यांच्या दोन बुटांच्या मधून बघत.

“किती येळ?” पाटलांनी खालून विचारलं.

“जरा दम धरा.”

“चंद्र कुठवर आलाय?”

“तुमालाच दिसतोय की.”

“व्हय, दिसतोय.” त्यांनी मान उचलून बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, “सटव्या, ह्ये बूट माज्या मापाचं हाईत का रं?”

“खालनं तुमच्या.”

“आन् वरनं?”

“वरनं एका कप्तानाच्या.”

पाटील हसले. आडवं पडून हसलं की पोट हलतं, पाय हलतात, पाय हलले की मुंग्या चावतात. ते हसत आणि शिव्या देत राहिले. गर्दीतही कुणीतरी हसलं. तात्याबा मात्र टेंभा या हातातून त्या हातात घेत होते.

मग बानं उजवा पाय हळूच मांडीवर घेतला. आरीच्या टोकानं गाठ उकलली, नाडी शेवटच्या भोकापर्यंत सैल केली, डावा तळहात पाटलांच्या टाचेखाली दिला आणि बूट काढला. फट् असा आवाज आला. “आई गं,” पाटील म्हणाले, अगदी लहान मुलासारखं.

आयनं माझं मनगट धरलं. “आत्ता सांगा,” ती बाला म्हणत होती. बाला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. “येक बूट आजून पायात हाय. आत्ता सांगा.”

पण बा कुणाला अडचणीत धरून बोलणारा माणूस नव्हता. त्यानं दुसरा पाय घेतला, दुसरी गाठ उकलली, दुसरा बूट काढला आणि दोन्ही बूट शेजारी शेजारी नीट मांडून ठेवले. आयनं माझं मनगट सोडून दिलं.

गड्यांनी पाटलांवर दोन घागरी ओतल्या. ओलेत्यानं, अनवाणी, पाय ठेवताना बोटं फाकवत पाटील होळीभोवती फिरले, पूजा केली आणि तात्याबांच्या हातातलाच टेंभा काढून घेऊन त्यांनी होळी लावली. ती चटकन धरली. तात्याबा टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात शेवटी होते.

पाटील आगीच्या उजेडातून परत आले. बा अजून तिथेच उभा होता, बुटांपाशी.

“लई उपकार केलास,” पाटील म्हणाले, चार लोकांना ऐकू जाईल असं. “आता आसं कर. ह्ये बूट घरी ने आन् सकाळच्याला वरनं सैल करून आन. वरच्या शीवंला जायचंय.”

बानं वाकून बूट उचलले. आयनं डोळे मिटून घेतले.

“आन् ऐक,” पाटील म्हणाले, “म्होरल्या हप्त्यात खळ्यावर ये. अवंदा तुला दुप्पट पेंढ्या. दुप्पट! ऐकलं का पंत? आन् तुज्या पोरीला म्हनावं, हुशार हाय.”

लोक बाकडे बघत होते. दुप्पट पेंढ्या आमच्या गावात कुठल्याच बलुतेदाराला कधी मिळाल्या नव्हत्या. बानं बूट छातीशी धरले होते आणि त्याच्या बंडीला काळं लागत होतं. पाटील वळले. एक पाऊल गेले. दुसरं गेले.

“पाटील,” बा म्हणाला.

“आता काय?”

“एक बोलायचं व्हतं.”

“बोल की.”

बानं मान खाली घातली. मग वर केली.

“बूट सैल करून देतो, सकाळच्याला देतो. पर खळ्यावर येत न्हाई मी. बलुतं सोडलं म्या, पाटील. आजपास्नं सोडलं.”